'नचिकेत' ठेवू का? आजी म्हणते, यमाकडं धाडलेल्या पोराचं नाव नको

पुरणयंत्र (मंगळवार, रात्री १०.४०)

मंडळी, भावाला मुलगा झाला. आज पाचवा दिवस. बारसं पुढच्या मंगळवारी. आत्या म्हणून कानात कुर्रर्र करायचा मान माझा, आणि त्यानंतर पाठीत बसणारे धपाटेही माझेच.

गुरुजींनी अक्षर 'ना' काढून दिलंय. अनुराधा नक्षत्र, पहिला चरण, वृश्चिक रास. वहिनीने तीन महिन्यांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं, मुलगा झाला तर नचिकेत आणि मुलगी झाली तर मैत्रेयी. आता अक्षरही जुळल्यामुळे ती कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

अडचण आजीची आहे. वय ८६, कान तिखट. गावच्या सप्ताहात कुणा महाराजांच्या कीर्तनात तिने नचिकेताची गोष्ट ऐकलीय. नाव ऐकल्याबरोबर म्हणाली, "ज्या पोराला बापानं यमाकडं धाडला त्येचं नाव आमच्या पाळण्यात? एवढी नावं पडल्यात जगात. नारायण ठिवा. देवाचं नाव हाय, अक्षार बी त्येच हाय."

नारायण हे आमच्या आजोबांचंही नाव, त्यामुळे तिला सरळ नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

जालावर अर्थ शोधला तर एका ठिकाणी 'अग्नी', दुसरीकडे 'प्राचीन ऋषी', तिसरीकडे चक्क 'अजिंक्य योद्धा'. खरा अर्थ काय? आणि नचिकेत की नचिकेता? आमच्याकडे 'नचिकेता' म्हटलं की शेजारच्या काकू विचारतात, मुलगी झाली का. आणि मुख्य म्हणजे आजीचं म्हणणं कितपत धरायचं?

तळ्यात_मळ्यात

अजिंक्य योद्धा! त्या साइटवर बहुतेक सगळ्याच मुलांच्या नावांचा अर्थ अजिंक्य योद्धा असतो. मुलींचा 'लक्ष्मीचे एक रूप'.

अभिनंदन आत्याबाई. घुगऱ्या इकडे पाठवा.

बर्फातली_चकली

माझा मुलगा नचिकेत. वय ११, मुक्काम मिशिगन. अर्थाचं इथले जाणकार सांगतीलच, मी व्यवहाराचं सांगते. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना नाव वाचलं 'नॅचिकेट'. दुसऱ्या आठवड्यात तो 'नाचो' झाला. आता त्याच्या फुटबॉलच्या टीशर्टवरही नाचो लिहिलंय आणि त्याला ते आवडतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, "नाचतोस का रे तिकडे?"

खडूस_मास्तर

धागाकर्तीचे अभिनंदन. संकेतस्थळांवरचे अर्थ बाजूला ठेवा.

मूळ शब्द नचिकेतस्. न + चिकेत. 'चिकेत' हे 'चित्' किंवा 'कित्', म्हणजे जाणणे, ध्यानात घेणे, या धातूचे रूप. 'न चिकेत' म्हणजे जाणले नाही. त्यावरून सरळ अर्थ 'न जाणणारा'. काही जण तो उलटा घेतात, 'ज्याला कुणी जाणले नाही असा'. मला पहिला बरा वाटतो, कारण कठोपनिषदातला हा मुलगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत विचारतच असतो.

गंमत पुढे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकावन्नावे सूक्त आहे. देवांना आहुती पोचवण्याच्या कामाला भिऊन अग्नी पाण्यात लपून बसतो आणि यम त्याला हुडकून काढतो, तेव्हा अग्नी वरुणाला म्हणतो, "एतमर्थं न चिकेताहमग्निः". हे काम मी, अग्नी, मनावर घेत नाही. हे दोन शब्द, 'न चिकेत', तिथे अग्नीच्या तोंडी आहेत. आणि कठोपनिषदात यम जो यज्ञाग्नी या मुलाला शिकवतो, त्याला वर देतो की "तवैव नाम्ना भवितायमग्निः", हा अग्नी तुझ्याच नावाने ओळखला जाईल. तेव्हा 'नचिकेत म्हणजे अग्नी' म्हणणाऱ्यांनी गाडी उलटी जुंपली आहे. मुलाचे नाव अग्नीला मिळाले, अग्नीचे मुलाला नाही.

आणखी एक. 'चिकित्सा' हा शब्द याच धातूचा. मरणानंतर माणूस असतो की नसतो हा प्रश्न नचिकेता यमाला विचारतो, तिथे शब्द येतो 'विचिकित्सा'. "येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये". आपण ज्याला वैतागून 'फार चिकित्सक आहे बुवा' म्हणतो, तो आणि नचिकेत एकाच घरातले.

निवांत_बसस्टॉप

मास्तर, म्हणजे बाळ मोठं झाल्यावर 'माझ्या नावाचा अर्थ काय' विचारेल आणि घरचे सांगणार 'अडाणी'?

खडूस_मास्तर

अडाण्याला आपल्याला माहीत नाही हेच माहीत नसते. असो. 'अनिकेत'चा शब्दशः अर्थ बेघर, तरी घरोघरी अनिकेत आहेतच की. गीतेच्या बाराव्या अध्यायात "अनिकेतः स्थिरमतिः" हे भक्ताचे वर्णन आले म्हणून ते नाव झाले. नकाराने सुरू होणारी नावे आपल्याकडे कमी नाहीत. अजित, अच्युत, अनिरुद्ध, अनंत, अमोल, सगळे 'नाही'वालेच.

पुरणयंत्र

मास्तर, दंडवत. वहिनीला स्क्रीनशॉट पाठवला. तिने भावाला पाठवला. भावाने फक्त 'अडाणी' शब्दाला गोल करून परत पाठवलाय.

नचिकेत की नचिकेता ते राहिलं.

खडूस_मास्तर

संस्कृतात प्रथमेचे एकवचन नचिकेताः. आपण विसर्ग टाकतो, म्हणून नचिकेता. चंद्रमस् चे चंद्रमा होते तसेच. मराठीला 'राजा', 'पिता', 'आत्मा' चालतात, पण व्यक्तिनामात शेवटी आ आला की आता कानाला मुलगी वाटते, म्हणून मराठीत नचिकेत रूढ झाले. बंगालीत आणि तेलुगूत नचिकेताच म्हणतात.

हाक मारताना फरक, चालवताना काही नाही. 'नचिकेताने', 'नचिकेताला' दोन्हींचे सारखेच. आणि चि ऱ्हस्वच. तत्सम शब्द आहे, दाखल्यावर लिहिताना लक्ष ठेवा.

कोकणी_भोपळा

तेलुगूवरून आठवलं. १९९९, कारगिल. २७ मे ला मिग-२७ घेऊन गेलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता. इंजिन बंद पडलं, उडी मारली, पाकिस्तानच्या हाती सापडले आणि ३ जूनला सुटून परत आले. मी तेव्हा नववीत होतो. आमचे वडील पेपर मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक वेळी नावापाशी थांबून म्हणायचे, "नाव बघ, नाव बघ." मला तेव्हा कळायचं नाही नावात काय बघायचं. नंतर कुणीतरी गोष्ट सांगितली तेव्हा अंगावर काटा आला. मृत्यूच्या दारातून चालत परत आलेल्याचंच नाव.

आजीबाईंना हे सांगा.

साधी_माणूस

ज्यांना गोष्ट अर्धवट माहीत आहे (माझ्यासारख्यांना) त्यांच्यासाठी कुणीतरी नीट सांगा ना. बाप चिडला आणि यमाकडे पाठवलं एवढंच आठवतं.

वाचनवेडा

मी सांगतो, चुकलं तर मास्तर आहेतच छडी घेऊन.

वाजश्रवस नावाचा गृहस्थ यज्ञ करतो. असा यज्ञ, की ज्यात सर्वस्व दान द्यायचं. प्रत्यक्षात गोठ्यातल्या भाकड गाई दक्षिणेला काढतो. त्या गाईंचं वर्णन मूळ संस्कृतातच वाचा, "पीतोदका जग्धतृणा दुग्धदोहा निरिन्द्रियाः". पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं, आता काही उरलं नाही अशा. चार शब्दांत गोठा उभा राहतो. पोरगं हे बघतं. त्याला वाटतं, असलं दान देणाऱ्याला कसली गती मिळणार? सर्वस्वच द्यायचं तर मीही बाबांचाच की. म्हणून विचारतो, "बाबा, मला कुणाला देणार?" एकदा, दोनदा, तीनदा. बाप वैतागतो, "मृत्यूला देतो जा!"

लहान पोराने पाहुण्यांसमोर बापाची लबाडी दाखवली आणि बापाच्या तोंडून 'मर जा' निघालं. ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना हे काही फार परकं वाटायला नको.

पोरगं खरंच निघतं. जाताना म्हणतं, पुष्कळांमध्ये मी पहिला असतो, पुष्कळांमध्ये मधला. ('शेवटचा' म्हणत नाही हे माझ्या मधल्या बाकावरच्या मुलाने मला ऐकवलं होतं.) तिकडे गेल्यावर यम घरी नाही! तीन रात्री पोरगं दारात उपाशी. यम येतो आणि हादरतो, कारण अतिथी उपाशी राहिला. तीन रात्रींचे तीन वर देतो. पहिला, बापाचा राग जावा आणि परत गेल्यावर त्याने मला ओळखावं. दुसरा तो अग्नी. तिसऱ्या वराला 'मेल्यावर काय' हा प्रश्न.

यम टाळायला बघतो. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं माग, रथातून वाद्यं वाजवत येणाऱ्या सुंदर स्त्रिया घे, पण हे विचारू नको. पोरगं म्हणतं, तुझे घोडे तुलाच राहू देत, तुझं नाचगाणंही. "न वित्तेन तर्पणीयो मनुष्यः". पैशाने माणसाचं पोट भरत नाही.

पुढे यम जे सांगतो त्यातच श्रेय (हिताचं) आणि प्रेय (आवडीचं) येतं, शरीर म्हणजे रथ येतो, "उत्तिष्ठत जाग्रत" येतं, आणि मुळं वर फांद्या खाली असलेला तो अश्वत्थही येतो. तोच गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहे, म्हणजे आजींच्या कीर्तनात हा यम वेगळ्या वाटेने आधीच येऊन गेलेला असणार.

खडूस_मास्तर

छडी नको. एक भर. तैत्तिरीय ब्राह्मणात हीच कथा जुन्या रूपात आहे आणि तिथला तपशील मला कठोपनिषदापेक्षा जास्त आवडतो. तिथे मुलाला आधीच पढवलेले असते. यम विचारेल, पहिल्या रात्री काय खाल्लेस? सांग, तुझी प्रजा. दुसऱ्या रात्री? तुझे पशू. तिसऱ्या रात्री? तुझे पुण्य. उपाशी पाहुणा घरधन्याचे काय काय खातो ते इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेले नाही.

महाभारतात, अनुशासनपर्वात, तिसरेच रूप. बाप उद्दालकि नदीवर लाकडे, दर्भ, फुले, कलश विसरून येतो आणि मुलाला आणायला धाडतो. ते सगळे नदीने वाहून नेलेले. मुलगा रिकाम्या हाताने येतो. भुकेने कावलेला बाप म्हणतो, यमाला बघ! मुलगा तिथेच कोसळतो. बाप रात्रभर त्याच्यावर रडतो आणि पहाटे त्या अश्रूंनी भिजलेले पोर उठून बसते. तिथे नाव थोडे वेगळे आहे, नाचिकेत. पहिल्या अक्षराला काना.

नच्या

हा काना वाचून खुर्चीतून उठलो.

मी नचिकेत. वय ३४. अर्थ, उपनिषद, सगळं खरं आणि सुंदर. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत माझं नाव दुसऱ्या दिवशी नच्या आणि तिसऱ्या दिवशी नाच्या झालं. तमाशातला नाच्या. कंबरेवर हात ठेवून मुरडत माझ्या मागून चालायचे. सहावीपर्यंत. वरती लिहिलंय ना, यमाला सांगितलं की तुझं नाचगाणं तुझ्याकडे ठेव. ते वाक्य मला चौथीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सातवीत नवीन मराठीच्या बाई आल्या. त्यांनी हजेरीत नाव वाचलं, थांबल्या, म्हणाल्या, "तूच का तो यमाला प्रश्न विचारणारा?" आणि वर्गाला गोष्ट सांगितली. त्यानंतर नाच्या बंद झालं असं नाही, पण मी रडायचा बंद झालो.

माझ्या मुलाचं नाव मी 'राम' ठेवलंय. दोन अक्षरं. कोण काय करणार.

तळ्यात_मळ्यात

रामाचं 'रम्या' होतं, साहेब.

पंचांगवाले_काका

ना, नी, नू, ने ही अनुराधाच्या चार चरणांची अक्षरे. अवकहडा चक्रात (नक्षत्रावरून नावाचे अक्षर काढायचा तक्ता) 'न' आणि 'ना' एकच धरतात, त्यामुळे नचिकेत चालते. रेयांश, कियांश ठेवणाऱ्यांपेक्षा बरे. त्या रेयांशातला 'रे' संस्कृतात कुठे सापडला तर मला कळवा, मला तो इंग्रजीतच सापडला.

पुरणयंत्र (बुधवार, रात्री ११.१५)

मंडळी, आज आजीजवळ बसले होते. कोकणी_भोपळा यांची विमानवाल्याची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. मग म्हणाली, "बापाचं नाव धोंडीराम का ठिवलं, ठावं हाय का तुला?"

मला वाटायचं, जुन्या काळचं नाव, बस. तिने सांगितलं, वडिलांच्या आधी दोन मुलगे झाले आणि दोन्ही वर्षाच्या आत गेले. पहिल्याचं नाव राजाराम, दुसऱ्याचं जयसिंग. मोठी मोठी नावं. तिसरा झाला तेव्हा तिच्या सासूने सांगितलं, चांगलं नाव ठेवलं की त्याची नजर जाते. धोंडा म्हणा. धोंडा कोण उचलून नेतो? म्हणून वडील धोंडीराम. त्यांच्या पाठचा काका दगडू.

"आन् तुमी नाव काय ठिवता, तर सोता यमाकडं गेल्याला."

यावर मला काही बोलता आलं नाही. एवढी वर्षं वडिलांच्या नावाला आम्ही हसत होतो, कॉलेजात मी फॉर्मवर 'डी.' लिहायचे.

साधी_माणूस

बाई गं.

माझ्या आजोळी एक केरू मामा होते. केरात ठेवून, केरासकट उचलून आणलेलं मूल म्हणून केरू. सगळ्यांना हे माहीत, कुणी बोलायचं नाही.

उलटा_चष्मा

या नावांबद्दल इतकं हळवं होण्याआधी जरा दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलदर्शक, वैश्याचं धनाचं, "शूद्रस्य तु जुगुप्सितम्". शूद्राचं किळस येईल असं. तेव्हा कुणाच्या पाळण्यात उपनिषद आणि कुणाच्या पाळण्यात धोंडा, हे सगळंच नजर लागू नये म्हणून नव्हतं. आज धोंडीरामाच्या नातवाचं नाव नचिकेत ठेवतायत ही मला तरी आनंदाची गोष्ट वाटते. जरूर ठेवा. त्यासाठीच ठेवा.

खडूस_मास्तर

श्लोक बरोबर आहे, आणि लपवण्यासारखे काही नाही. पण धोंडू-दगडू त्यातून आले असे म्हणता येणार नाही. महर्षी कर्वे यांचे नाव काय? धोंडो केशव. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरातले नाव. १८५८ साली जन्मले, १९६२ साली गेले, १०४ वर्षे जगले. धोंडा टिकला. मूल जगत नसण्याची भीती सगळ्या जातींत होती आणि तोडगाही सारखाच होता.

उलटा_चष्मा

कर्व्यांना धोंडो असूनही कुणी वर्गाबाहेर बसवलं नाही, एवढाच फरक. पण ठीक आहे, भीतीबद्दल तुमचं मान्य. आणि मुलींचं काय ते विसरू नका. 'नकुशी' हे नाव मृत्यूला फसवायला नव्हतं, पुढची तरी मुलगी होऊ नये म्हणून होतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. तिथेही सुरुवात 'न'नेच होते.

निवांत_बसस्टॉप

धागा बारशाचा होता ना हो. (तक्रार नाही. वाचतोय.)

वाचनवेडा

पुरणयंत्र, मला रात्री एक सुचलं. आजींना नारायण हवाय. नारायण म्हटल्यावर कीर्तनात हमखास येणारी गोष्ट कोणती? अजामिळ! भागवताच्या सहाव्या स्कंधातला. आयुष्यभर पाप केलं, मरताना यमदूत समोर उभे राहिले, घाबरून धाकट्या मुलाला हाक मारली, "नारायणा!" आणि विष्णुदूत धावून आले. मुलांना देवाची नावं ठेवायची ती यासाठीच, की शेवटी तोंडात नकळत नाम यावं.

म्हणजे नारायण नावातही यमाचं दार आहेच. आजोबांच्या नावाने यमदूत परत गेले आणि पणतवाच्या नावाने पोरगं परत आलं. दोन्ही नावं एकाच उंबऱ्यावरची.

खडूस_मास्तर

हे बरे काढले.

आता शास्त्राचेही सांगून टाकतो. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचा नियम आहे. दोन किंवा चार अक्षरे, पहिले अक्षर घोष (ग, ज, द, न असे नाद असलेले), मध्ये य-र-ल-व पैकी एखादे अंतःस्थ, कृदन्त (धातूला प्रत्यय लागून झालेले) असावे, तद्धित (नामाला प्रत्यय लागून झालेले) नको. नचिकेताची अक्षरे चार, पहिला 'न' घोष, म्हणजे निम्मा पास. मध्ये अंतःस्थ नाही, तिथे गुण कापले. नारायणात र आणि य दोन्ही आहेत, पण 'नर'ला प्रत्यय लावून सिद्ध केला तर तो तद्धित, म्हणजे नापास. 'नारा' अधिक 'अयन' असा समास धरला तर सुटला. पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथाच्या आरंभी, व्याकरण कशाला शिकायचे हे सांगताना, हेच कारण दिले आहे. याज्ञिक सांगतात नाव कृदन्त ठेवा, तद्धित नको. व्याकरण येत नसेल तर कुठले कोणते हे कळणार कसे? बारशाच्या भांडणाला दोन हजार वर्षांची परंपरा आहे, घाबरू नका.

बर्फातली_चकली

मास्तर, 'नाचो' दोन अक्षरं, पहिलं घोष. पास?

खडूस_मास्तर

ज्या भाषेतला आहे त्या भाषेच्या वैयाकरणांना विचारा.

पुरणयंत्र (मंगळवार, रात्री ९.०५)

बारसं झालं. अंगणात पाळणा, वरवंट्याला टोपडं घालून आधी तो फिरवला, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं. माझी पाठ अजून लाल आहे, शेजारच्या काकूंनी जुना हिशोब चुकता केला.

आजीचं काय झालं ते सांगते. काल रात्री मी तिच्या अंथरुणाशी बसून अख्खी गोष्ट सांगितली. उपनिषद बिपनिषद नाही, वाचनवेडा यांनी लिहिली तशीच, आमच्या बोलीत. भाकड गाईंपाशी ती हसली. म्हणाली, "आमच्या गावात बी हाईत असलं दान करणारं." तीन रात्री उपाशी म्हटल्यावर "च्च च्च" केलं. अजामिळाचं मी सांगायला लागले तर म्हणाली ते मला ठाऊक आहे, पुढं सांग. मग पहिला वर सांगितला, की परत गेल्यावर बापाने रागावू नये आणि मला ओळखावं.

तिथे तिने मला थांबवलं. "म्हंजे परत आला त्यो?"

म्हटलं, आला. महाराजांनी सांगितलं नव्हतं का?

"महाराज आत्म्यावर गेलं. पोराचं काय झालं त्ये सांगितलंच न्हाई." जरा वेळ गप्प राहिली. "आन् बापानं वळखला?"

म्हटलं, यमाने तसा शब्दच दिला होता.

कूस बदलून झोपली. सकाळी उठल्यावर वहिनीला म्हणाली, ठेवा काय ठेवायचं ते, पण मी नारायणच म्हणणार. त्यामुळे कानात मी दोन्ही नावं सांगितली. आधी नारायण, मग नचिकेत. बाळ दोन्ही वेळा झोपलेलं होतं.

तळ्यात_मळ्यात

'महाराज आत्म्यावर गेलं' हे मी आता आयुष्यभर वापरणार.

कोकणी_भोपळा

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव बघ."

साधी_माणूस

पुरणयंत्र, जन्माच्या नोंदीत नाव लगेच घालून टाका. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नाव मागाहून टाकता येतं, वर्षाच्या आत फुकट, नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण लोक राहू देतात आणि मग शाळेच्या वेळी धावाधाव.

पुरणयंत्र (दीड महिन्याने)

धागा वर काढतेय.

दाखला आला. भावाने अर्जात स्वच्छ अक्षरात 'नचिकेत' लिहिलं होतं. खिडकीवरच्या माणसाला गुरुजींनी अक्षर सांगितलं असावं, कारण दाखल्यावर छापून आलंय 'नाचिकेत'. काना ठसठशीत. भाऊ म्हणतो, मास्तरांनी सांगितलंय ना महाभारतात असंच आहे, मग राहू दे, परत रांगेत कोण उभं राहणार.

मास्तर, चालेल का?

खडूस_मास्तर

अशुद्ध म्हणता येणार नाही.

नच्या

मास्तर, तुम्ही गप्प बसा. ताई, उद्या सकाळी साडेदहाला खिडकी उघडली की भावाला रांगेत उभा करा. आधार, डिस्चार्ज कार्ड, आई-बापाचं ओळखपत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती घेऊन जायला सांगा. तो काना काढल्याशिवाय घरी येऊ देऊ नका.